मॅडमचा चमचा

परीक्षकांनी मृण्मयीला चौथा प्रश्न विचारला. "ही बुरशी थंडीतच का वाढते?" उत्तर ठाऊक नव्हतं, तरी तिने रेटलं, "तसं पाहिलं तर, सर..."

टिण्! मागे बसलेल्या तिच्या मार्गदर्शक देशमाने मॅडमनी चहाच्या कपावर चमचा वाजवला. प्रयोगशाळेत कुणी थापा मारू लागलं की त्या असाच चमचा वाजवायच्या. पण आज पीएचडीची तोंडी परीक्षा होती!

पाच वर्षं पणाला लागलेली. तरी मृण्मयी म्हणाली, "मला माहीत नाही, सर. ते तपासायचं राहिलंय."

परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "अहो, सोपं आहे. तसं पाहिलं तर..."

मृण्मयीने धास्तावून मागे पाहिलं. मॅडमचा चमचा पुन्हा कपाजवळ आला होता.