डॅशबोर्डामागची टकटक

"परत तीच," डॅशबोर्डाखालून गुरुदासचा आवाज आला. "झडप फिरवणारी मोटर. आयक, कशी टकटकता ती."

दाजी ट्रकच्या पायरीवर उभा होता. एसीचे बटण थंडीकडे फिरवले की डॅशबोर्डामागे टक-टक-टक व्हायचे आणि जाळीतून अंगावर यायची ती गरम झळ. तीही मे महिन्यात, मालवणात.

"खाऱ्या वाऱ्यान झाला आसात?"

"वायर बरी आसा. मोटरीक करंट येता. पण आतल्या चाकाचे दात गेले. मोटर फिरता, झडपेक धरना नाय." गुरुदास घाम पुसत बाहेर आला. "ह्या वर्षातली तिसरी. बटनाक छळतंस काय रे?"

"मालच तसलो," दाजी म्हणाला आणि माडांकडे बघू लागला.

दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. पण पालखीला पहिला खांदा कोणाच्या वाडीचा, यावरून एका शिमग्यात वाजले आणि दोन्ही वाड्यांच्या मोठ्यांनी देवापुढे नारळ ठेवून ठरवले: एकमेकांच्या घरात पाऊल टाकायचे नाही, हातचे पाणी घ्यायचे नाही. भांडणारे केव्हाच वर गेले. नारळ मात्र खालीच राहिला.

गॅरेज म्हणजे घर नव्हे आणि काम म्हणजे येणेजाणे नव्हे, एवढी पळवाट उरली होती. काम नसताना दाजी फाटकात शिरला असता, तर संध्याकाळपर्यंत दोन्ही वाड्यांत बोभाटा झाला असता.

गुरुदासने स्टोव्हवर चहा टाकला. शपथ पाण्याची होती, चहाचे कोणी काही बोलले नव्हते.

"सुरमय गावली काय औंदा?"

"गावली. पण खाऊक कोण आसा?"

गुरुदासने दाजीच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

दाजीची बायको गेल्यापासून घरात आवाज करायचा तो पंखाच. पुण्याहून प्राजक्ताचा फोन यायचा. "बाबा, जेवलात?" "जेवलंय." की झाले बोलणे. मासळी घेऊन घाट चढताना त्याला लेकीची आठवण यायची, आणि खरे सांगायचे तर त्याहून जास्त या गुरुदासची. तोंडाने मात्र तो हे मेला तरी बोलला नसता. आणि गुरुदास तर कामाशी काम ठेवणारा, दोन शब्दांत माणसाला वाटेला लावणारा.

"ह्या खेपेक पितळी दातांची मोटर मागयलंय," गुरुदासने खोका उचलून दाखवला. "आता तुझो ट्रक मोडीत जातलो, पण ही मोडूची नाय."

दाजी कपात बघू लागला. "बरा झाला," तो म्हणाला.

खोका फोडून गुरुदास पुन्हा डॅशबोर्डाखाली शिरला. दाजीला फक्त त्याचे पाय दिसत होते. चहा संपला होता, तरी दाजी रिकामा कप हातात धरून बसला. खाडीवरून वारा येत होता. काम लवकर आटपू नये, असे त्याला फार वाटत होते.

ते आटपलेच. जाळीतून गार वारा आला.

"आज बटनाक हात लावू नको. ग्रीस बसांदे."

"पैसे?"

"वॉरंटीत आसा. जा आता, माका कामा आसत."

"येतंय," दाजी म्हणाला. पुन्हा कशासाठी येणार, ते त्याला कळत नव्हते.

तारकर्लीच्या रस्त्यावर सुरूच्या सावलीत त्याने ट्रक उभा केला. मागेपुढे कोणी नव्हते. सीटखालून स्क्रू-ड्रायव्हर आणि पकड काढून तो डॅशबोर्डाखाली आडवा झाला. हे काम आता त्याला डोळे मिटून जमत होते. पितळेचे दात पकडीने तुटतील का, एवढीच धाकधूक होती.

त्याने मोटर सोडवली आणि झाकण उघडले.

आत पितळ नव्हते. झडप नुसती हाताने थंडीकडे ढकलून ठेवली होती. प्लास्टिकची जुनीच मोटर होती, गेल्या आठवड्यात त्याने स्वतः पकडीने तोडलेल्या दातांसकट, स्वच्छ पुसून, ग्रीस लावून, पुन्हा जागच्या जागी बसवलेली.