दोन गिऱ्हाइकं, एक विमान

"दुसरं विमान बिघडलंय," ताई म्हणाल्या. "दोन्ही गिऱ्हाइकांना एकाच विमानात बसवायचं. आणि ते काम तुझं."

साखरला घाम फुटला. खाजगी विमानं भाड्याने देणाऱ्या त्या कंपनीत तिचा हा तिसराच आठवडा. आवाज गोड म्हणून काउंटरवर बसवलेली, म्हणून नाव पडलं साखर. कंपनीची विमानं दोनच. एक सांगितलं होतं बांधकामवाल्या साहेबांनी, दुसरं निवृत्त डॉक्टरबाईंनी. दोघांनाही एकाच शहरी, एकाच सकाळी जायचं होतं.

"ताई, तुम्हीच बोला ना. मॅनेजरचं लोक ऐकतात."

"माझं ऐकत असते तर तुला कशाला पाठवलं असतं?" ताईंनी केबिनचं दार लावून घेतलं.

साहेब पुढच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. खुर्चीवर भलामोठा कापडी हत्ती बसवलेला.

"दुसऱ्याबरोबर? मी अख्खं विमान सांगितलंय!" ते कडाडले. "कुठे आहेत तुमच्या मॅनेजर? बोलवा बाहेर."

"मीटिंगमध्ये आहेत, सर."

"असणारच," साहेब पुटपुटले.

मागच्या खोलीत डॉक्टरबाई लोकरीची टोपी विणत होत्या, मुठीएवढी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई असेल तर चालेल. पुरुष नको, घोरतात. तुमच्या ताई जेवल्या का गं सकाळी काही?"

साखरला नवल वाटलं. एवढी मायाळू गिऱ्हाइकं तिने अजून पाहिली नव्हती. "बिस्किटं खाल्ली," ती म्हणाली, आणि सोबतचा प्रवासी पुरुष आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

शेवटी तिने दोघांनाही विमानाच्या दारापाशी आणलं. शिडीजवळ साहेब थबकले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे असतील तर मी बसणार नाही," बाई म्हणाल्या.

"मी तर चाललोच परत," साहेब म्हणाले. मात्र कुणीच हललं नाही.

ओळख जुनी दिसत होती, आणि कडूही. साखरचं शिकलेलं सगळं बोलणं संपलं. डोळ्यांत पाणी आलं.

"दुपारी वारा वाढणार आहे, मग आज विमान उडायचंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही दोघंही घाईत आहात. मी नवीन आहे हो. माझं पहिलंच काम फसलं तर ताईंना काय तोंड दाखवू?"

बाईंचं लक्ष हत्तीकडे गेलं.

"एवढा मोठा? ती घाबरेल त्याला बघून."

"आणि ही टोपी तिला दोन दिवसांत लहान होईल."

बाईंना हसू फुटलं. ते आवरता आवरता त्या शिडी चढल्या. मागून साहेब, काखेत हत्ती.

"खिडकी मी घेणार," आतून साहेबांचा आवाज आला.

"कधी नव्हती तुमची?"

दार लागलं. विमान धावपट्टीवर पळालं आणि उडालं. साखर पळतच केबिनकडे गेली. पहिला किल्ला सर झाला होता. कधी एकदा सांगते असं तिला झालं होतं.

दार उघडं होतं. ताई खिडकीशी उभ्या, पायाशी भरलेली बॅग. समोरच्या वैमानिकाला त्या सांगत होत्या, "दुसरं काढा, मीही निघते."

"ताई, ते बिघडलंय ना?"

ताईंनी हाताने तिला थांबवलं. फोन लागला होता.

"दादा, आई-बाबा निघाले तुझ्या लेकीला बघायला. आता सव्वा तास तरी कुणाला दार आपटून बाहेर जाता येणार नाही."