पक्का मास्क

"मोठ्ठा आ करा, काकू," पीपीई किटमध्ये घामाघूम झालेली डॉक्टर शाल्मली म्हणाली. साथीच्या धास्तीने तिने कित्येक महिने दाताचा दवाखाना बंदच ठेवला होता. आता मात्र भीती चेपली होती. दाढेत भरायला लवंगेचं तेल कालवलं की त्याचा वास एरवी नाकात बसायचा. कालपासून तो येतच नव्हता. नवा मास्क भलताच पक्का निघाला! जिथे वास शिरत नाही, तिथे विषाणू काय शिरणार?

तेवढ्यात दाराबाहेर बसलेले काका म्हणाले, "लवंगेचा वास इथवर आला गं! आणि मास्क तर तू सांगितलास तोच, तुझ्यासारखाच लावलाय मी."

शाल्मलीचा हात थांबला. पाठ फिरवून ती खिडकीशी गेली, मास्क खाली ओढला आणि तेलाची बाटली नाकाला लावली. जोरात श्वास घेतला. पुन्हा घेतला. बाटलीत जणू नुसतं पाणी होतं.

"लांब का गेलीस गं?" मागून काकूंनी विचारलं. "ये ना. इतक्या महिन्यांत परक्या माणसासमोर पहिल्यांदाच मास्क काढलाय मी. तुझ्या भरवशावर."