विनंती थांबा

“म्याडम, एष्टी हाय ही. लग्नाचं वऱ्हाड न्हाई, मनाला यील तिथं उभं करायला,” रखमाजी ड्रायव्हर म्हणाले आणि त्यांनी गाडी पहिल्या गिअरात टाकली. विषय संपला.

राजश्रीचं तोंड एवढंसं झालं. दौंड-शिरूर गाडीच्या डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर ती गळ्यात कॅमेरा अडकवून बसली होती. मागणं तरी काय होतं तिचं? भीमेचा पूल ओलांडल्यावर दोन मिनिटं गाडी थांबवा, मामा. फक्त दोन. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत ती केमिस्ट होती आणि सोमवारपासून तिची बदली गुजरातच्या कारखान्यात झाली होती. म्हणजे ही गाडी, हा पूल, ही संध्याकाळ, सगळं आज शेवटचं. आणि हवा तो फोटो अजून मिळाला नव्हता.

तशी ती काही कमी फोटो काढणारी नव्हती. दोन हजार पाचच्या दिवाळीत डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हापासून रविवार आला की बाईसाहेब निघाल्या. कधी भुलेश्वरचा डोंगर, कधी भिगवणचं पाणी. घरच्या कॉम्प्युटरवर नुसतं आभाळ आणि माळ. “एवढ्या फोटूत एक माणूस न्हाई गं,” आई म्हणायची. पण तिचा जीव अडकला होता तो रोजच्याच वाटेवर. पूल सरला की डाव्या हाताला नदी मोठं वळण घेते. थंडीच्या दिवसांत ही गाडी तिथं पोहोचते तेव्हा सूर्य बरोबर पाण्याला टेकलेला असतो. काठाच्या उसाला तुरे आलेले असतात आणि नजर जाईल तिथवर ते सगळे सोनेरी झालेले असतात. अहाहा! रोज याच गाडीनं जाणाऱ्या इनामगावच्या धुरपदाबाईसुद्धा तिथं बोलायच्या थांबत, आणि धुरपदाबाई एरवी कशालाच थांबत नसत.

कॅमेऱ्याची तऱ्हा मात्र अशी, की बटण दाबलं की तो आधी विचार करणार आणि मग फोटो काढणार. तोवर नदी मागे गेलेली. पडद्यावर कडेची वेडी बाभळ. एकाच बाभळीचे चाळीस फोटो झाले होते आणि चाळीसही तिनं पुसले होते. उतरून काढावा म्हटलं, तर तिथं थांबा नाही, वस्ती नाही, आणि मागून दुसरी गाडीही नाही.

रखमाजींचा तिला राग होता तो वेगळाच. त्या वळणाला गाडीतली झाडून सगळी माणसं डावीकडे बघत. उजव्या बाकांवरची तर अर्धी उठून, वाकून बघत. एकटे रखमाजी मान वळवत नसत. सतरा वर्षं हा माणूस याच रस्त्यावर गाडी चालवतोय आणि याला कशाचं म्हणून कौतुक नाही! दगड आहे नुसता, असं ती मनातल्या मनात म्हणायची.

पूल आला. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या हेलकावत येत होत्या. रखमाजींनी गाडी अगदी कठड्याला धरून त्यांच्या अंगाजवळून अलगद काढली. राजश्रीनं सवयीनं कॅमेरा खिडकीच्या गजांना टेकवला. आज शेवटची बाभळ, दुसरं काय!

आणि गाडी थांबली. चांगली कडेला घेऊन, इंजिन बंद करून.

“काय झालं, आप्पा?” कंडक्टर सर्जेराव मागून ओरडला.

“विंजान तापलंय.”

“ह्या थंडीत?”

“थंडीतच तापतंय ह्ये. तू गप बस.”

“आरं, घरी म्हस हंबरत आसंल माझी,” धुरपदाबाईंनी सुरुवात केली. पण त्यांची नजर खिडकीबाहेर गेली आणि पुढचं बोलणं राहून गेलं.

“उतरा की म्याडम,” रखमाजी पुढं बघतच म्हणाले. “दोन मिन्टं म्हंजी दोनच.”

राजश्री धावतच उतरली. काठाशी जाऊन उभी राहिली. मध्ये गज नाहीत, कुणाचं डोकं नाही. तिनं श्वास रोखून बटण दाबलं. कॅमेऱ्यानं विचार केला. करू दे लेकाला किती करायचाय तेवढा, आज नदी कुठं पळून जात नव्हती! मग पडद्यावर ते सगळं उतरलं. पाणी, सूर्य, तुरे, सगळं जसंच्या तसं. आनंदानं तिला रडूच फुटलं.

ती वळली. बॉनेट कुणी उघडलंच नव्हतं. रखमाजी तिच्या मागे दोन पावलांवर येऊन उभे होते.

“मामा, बघा ना, कसला भारी आलाय!” तिनं कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. “तुमच्यामुळं मिळाला हा मला.”

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे डोळे नदीवर होते आणि ते पापणीसुद्धा हलवत नव्हते.

“त्यो मागनं दावा,” ते अगदी हळू म्हणाले. “पन्नास माणसं पाठीशी घिऊन मान वळवता येत न्हाई, म्याडम. सतरा वरसं ह्या वळणाला आरशात नुसती तुमची तोंडं उजळल्याली बघतुया. आज बघू द्या, समदी मिळून कशाकडं बघता ते.”