उपोषणाचा मंडप

"गादी कशाला? सतरंजी चालेल मला," रामदासकाका म्हणाले. जयवंतने तरी गादी घातलीच, मागे पंखाही लावला. डेकोरेशनचा धंदा त्याचा. लालबाग-परळातले निम्मे मंडप तोच घालायचा. त्याचा जुना कारागीर कुशाबा वर बांबूवर बसून ताडपत्री ताणत होता.

"पैशाचं काय ते आधी सांग बाबा."

"तुमच्याकडून पैसे घेऊ? फक्त मंगळवारी मंडप मोकळा लागेल, काका. शिवडीला पूजा आहे."

"उपोषणाला तारीख असते होय रे?"

जयवंत हसला आणि दोरी आवळायला लागला. बसायची कल्पनाही मूळ त्याचीच. नाक्यावर चहा पिता पिता म्हणाला होता, "काका, हितेंद्रला जाब विचारायची तुमच्याशिवाय कुणाची टाप आहे?"

ते काही खोटं नव्हतं. हितेंद्र आमदार झाला तो काकांच्या खांद्यावर बसून. गिरणी सुटल्यापासून काकांनी पक्षाशिवाय दुसरं काही केलं नाही. 'पोरगा आपला आहे' म्हणत त्यांनी चाळीचाळीतून मतं मागितली होती. आता तो पोरगा पलीकडच्या पक्षात चाललाय, असं अख्खं लालबाग बोलत होतं. विधानसभेत दोन्ही बाजू समसमान, अध्यक्षांच्या एका मतावर सरकार तगलेलं. मंगळवारी विश्वासदर्शक ठराव. आणि हितेंद्रसाहेबांचा फोन बंद, घराला कुलूप.

काकांची मागणी साधी होती. जायचं तर खुशाल जा. पण आमच्या मतांवर मिळालेली आमदारकी इथे ठेव, मग जा.

"ह्या वयात उपाशी कित्याक बसतास?" काकांची बायको राधाबाई पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाल्या. "तेनी राजीनामो दिल्यान तरी सरकार पडतलाच मा?"

"पडू दे. चोरून पाडण्यापेक्षा सरळ पडलेलं बरं. मतं मी मागितली, या तोंडाने. उद्या लोक थुंकतील ते याच तोंडावर."

राधाबाई चाळीचा जिना चढून घरी गेल्या. या माणसाला समजावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

दोन दिवस माणसं येऊन बसून गेली. कॅमेरेवालेही आले. तेच तेच प्रश्न, काकांची तीच ती उत्तरं. उपासाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. गिरणीच्या संपात याहून वाईट दिवस काढले होते. कंटाळा आला होता तो माणसांचा. आजवर किती जणांना आपलं म्हणून वर पाठवलं आणि त्यातला एकही वळून बघत नाही, हे आठवलं की लोडाला टेकून डोळे मिटून घ्यावेसे वाटायचे. ते मिटून घेत. लोकांना वाटे, म्हातारा खंगला.

सोमवारी संध्याकाळी हितेंद्र आला. एकटा, पायात साध्या चपला. त्याने सगळ्यांसमोर काकांच्या पायावर डोकं ठेवलं.

"चुकत होतो मी, काका. तुम्ही डोळे उघडलेत."

खिशातून कागद काढून त्याने तिथेच राजीनाम्यावर सही केली, मोठ्याने वाचून दाखवला. मग लिंबू सरबताचा पेला काकांच्या ओठांना लावला. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. "काही म्हणा, शब्दाचा पक्का निघाला," कुणीतरी म्हणालं. काकांच्या डोळ्यांना धार लागली. आपण माणूस ओळखायला चुकलो नव्हतो, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

मंगळवारी दुपारी सरकार पडलं. एका मताने. संध्याकाळी हितेंद्र पलीकडच्या पक्षात गेला. पोटनिवडणूक लढवणार, मंत्री होणार, अशी बातमी आली. लालबागमध्ये कुणी त्याला गद्दार म्हटलं नाही. म्हणणार कसं? नाक्यावर बॅनर लागला होता: काका सरबत पिताहेत, पेला हितेंद्रच्या हातात.

"राजीनामा देऊन गेला. परत लोकांसमोर येतोय," काका राधाबाईंना म्हणाले. "मी मागितलं ते त्याने दिलं. आता लोक बघून घेतील." बोलता बोलता त्यांनी चपला घातल्या. मंडप काढायला निदान हात तरी लावावा म्हणून खाली गेले.

कुशाबा एकटाच होता, ताडपत्रीची घडी घालत. काकांनी तिचं दुसरं टोक धरलं.

"शिवडीची पूजा खोळंबली नाही ना रे माझ्यामुळे?"

"कसली पूजा?" कुशाबा म्हणाला. "आमदारसाहेबांनी गेल्या आठवड्यातच सांगून ठेवलेलं, मंडप मंगळवारपर्यंतच पाहिजे." मग त्याने नाक्यावरच्या बॅनरकडे बघितलं आणि कौतुकाने मान हलवली. "पण छान जमवलंत हां तुम्ही दोघांनी, काका."