अबोल्याचा तिसरा दिवस

भामाबाईंच्या अबोल्याचा तिसरा दिवस उजाडला, तरी दत्तोबा हटले नाहीत. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, दर भांडणानंतर आधी बोलायची पाळी त्यांच्यावरच आली होती. या खेपेला नाही म्हणजे नाही. भामाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं. रुसण्याची ही नवीच तऱ्हा, असं दत्तोबांना वाटलं. मग भामाबाईंचा उजवा हात मांडीवरून घसरून लोंबकळला, आणि दत्तोबांचा धीर सुटला.

"भामे, माझं चुकलं."

त्यांनी तो हात उचलून परत मांडीवर ठेवला, तो पुन्हा घसरला.

१०८ लावताना त्यांचं बोट अडखळलं. नुसता रागच निघाला तर? सगळा गौलीगुडा मोहल्ला म्हणेल, बायकोची समजूत काढायला यानं अँब्युलन्स बोलावली! तरी त्यांनी फोन लावला.

"पेशंट बात कर रै क्या?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"नै."

"कब से?"

"तीन दिन से."

"तीन दिन! और आप आज फोन कर रै?"

"तीन दिन तो गुस्से में थी, बेटी," दत्तोबा रडकुंडीला येऊन म्हणाले. "आज मैं माफी मांगा. फिर बी एक ताना नै मारी. जल्दी गाडी भेजो!"