गाडी पुढे जाणार नाही

“इथे बसा, सावली आहे,” मावशीने हातातल्या फडक्याने बाकावरची धूळ झटकली.

शिक्षिकाबाई हळूच टेकल्या. समोर जिथे रूळ संपायचे, तिथला लोखंडी अडसर कालच कापून काढला होता. आज दुपारपासून हे शेवटचं स्टेशन राहणार नव्हतं. शहर टेकडीपलीकडे पसरलं होतं, आता बोगद्यातून गाडीही जाणार होती.

“तो अडसर होता म्हणून मी तग धरला,” बाई म्हणाल्या. “गाडी इथून पुढे जात नव्हती. मग माझी पोर तरी पुढे कुठे जाणार? इथेच कुठेतरी असेल, असं धरून बसले.”

मावशीने ही हकिकत दरवर्षी ऐकली होती. तेव्हा इथे नुसता माळ होता. गिरणीच्या कामगारांसाठी रूळ आणले, आणि टेकडी आडवी आली म्हणून थांबवले. बाई ऐन तरुण, नवरा नुकताच गेलेला, नोकरीच्या शोधात निघालेल्या. आधीच्या स्टेशनावर पाणी भरायला उतरल्या. तान्ही मुलगी डब्यात गाढ झोपली होती. नळावर झुंबड होती. वळून पाहतात तर गाडी सुटलेली.

पुढच्या गाडीने त्या धापा टाकत इथे आल्या. डबा लख्ख झाडलेला, रिकामा. पोलीस आले, स्टेशनमास्तरांनी कोपरा न् कोपरा पाहिला. झाडूवाली नवीनच कामाला लागली होती. “काहीच नव्हतं, ताई,” ती म्हणाली होती.

ती झाडूवाली म्हणजे मावशी. वर्षभराने त्याच तारखेला बाई पुन्हा आल्या, तेव्हा मावशीने त्यांना चहा पाजला. मग तो पायंडाच पडला. मावशीच्या घरीही तेव्हा तान्ही लेक होती, म्हणून परक्या बाईसाठी तिचा जीव तुटतो, असं स्टेशनात सगळे म्हणत.

“पाणी भरलं नसतं तर काय मेले असते का मी?” बाई म्हणाल्या.

“असं बोलू नका. दोष तुमचा नव्हता.”

“मग कुणाचा?”

मावशीने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“आता पुढच्या वर्षी यायचं होईल असं वाटत नाही,” बाई म्हणाल्या. “गुडघे कुरकुरतात.”

“नका येऊ,” मावशी पटकन बोलून गेली. मग सावरून म्हणाली, “म्हणजे, एवढी दगदग कशाला?”

“बाई, तुम्हाला एक सांगायचंय,” मावशी फडकं बाजूला ठेवत म्हणाली. “कधीचं सांगायचंय.”

“आई! अगं, तुला अख्ख्या स्टेशनात शोधतेय!”

मावशीची लेक समोर उभी होती, चालकाच्या नव्याकोऱ्या गणवेशात. टेकडीपलीकडे जाणारी पहिली गाडी तिच्या हातात होती.

“ही होय!” बाईंचा चेहरा उजळला. “इतकी वर्षं नुसतं ऐकतेय. मी यायचे तेव्हा ही नेमकी गावाला गेलेली असायची.”

“आईच धाडायची,” लेक हसली. “बरं, निघते मी. उशीर झाला तर माझी खैर नाही.”

बाईंनी तिला जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला. हात जरा रेंगाळलाच.

“सांभाळून जा गं,” त्या म्हणाल्या. मग मावशीकडे वळून म्हणाल्या, “तुमच्यासारखी नाही हो दिसत. कुणावर गेलीय?”

“वडिलांवर,” मावशी म्हणाली, आणि त्या दिवशी डब्यातून उचलून कचऱ्याच्या टोपलीत लपवून घरी नेलेली ती पोर आपल्या आईचा निरोप घेऊन, टेकडीपलीकडची गाडी हाकायला निघून गेली.